न झालेल्या स्फोटांची नोंद

ऑक्टोबर २०१६ मध्ये विरारच्या एका फार्महाउसवर सीझर नावाचा लॅब्रेडोर मरण पावला. तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला निवृत्त श्वान होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ज्या चार श्वानांनी काम केले, त्यांतला तो शेवटचा. मॅक्स, सुलतान आणि टायगर हे त्याचे सोबती त्याच वर्षी काही महिन्यांच्या अंतराने गेले होते. सीझरला तिरंग्यात लपेटून निरोप दिला गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले आणि विषय संपला.

मला तो तिथे संपू नये असे वाटते, कारण सीझरची सेवा म्हणजे या शहराच्या अलीकडच्या इतिहासाचा एक धागा आहे. जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांनंतरच्या शोधमोहिमेत तो होता. २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे टाकलेले हातबॉम्ब त्याने शोधले; नरिमन हाउसच्या शोधातही तो होता. जुलै २०११ मध्ये झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर इथे स्फोट झाले, तेव्हाही त्याला बोलावणे आले.

पोलिसांचा कुत्रा म्हटले की चोराच्या मागावर धावणारे, भुंकणारे जनावर आपल्या डोळ्यांसमोर येते. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाचे काम नेमके उलटे असते. वास लागला की त्याने भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही. गप्प बसून राहायचे. जरासा धक्काही घातक ठरू शकतो. त्या बसण्याचा अर्थ ओळखायचा तो त्याच्या हँडलरने. श्वानाच्या लेखी हा सगळा खेळ असतो आणि बक्षीस म्हणजे एखादा चेंडू किंवा खाऊ. समोरच्या पिशवीत मृत्यू आहे, हे फक्त पट्टा धरणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

सीझरच्या आधी हे काम गाजवले ते जंजीरने. गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे नाव मिळालेला हा लॅब्रेडोर पुण्यात प्रशिक्षण घेऊन डिसेंबर १९९२ च्या अखेरीस मुंबईच्या पथकात दाखल झाला. ही वेळ लक्षात घ्यायला हवी. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या दंगलीचा पहिला टप्पा संपला होता, जानेवारीचा दुसरा टप्पा यायचा होता. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार या दोन टप्प्यांत ९०० माणसे मेली. मग १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ जण गेले. माणूस दिसला की आधी त्याचे नाव विचारायचे, असे ते दिवस होते. पाटी, दाढी, टोपी, टिळा, सगळ्यांवरून अंदाज बांधले जात होते.

त्याच मार्चमध्ये धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जंजीर थांबला. स्कूटरमध्ये आरडीएक्स होते. हा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. थोड्याच अंतरावर मुंबादेवीचे देऊळ, तसेच शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद. मधल्या गल्ल्यांत सराफ, बंगाली कारागीर, हमाल, चहावाली पोरे. शिवाय तो रमजानचा महिना होता. ती स्कूटर फुटली असती तर मृतांच्या यादीत कोणती नावे आली असती? सगळ्या प्रकारची. ती फुटली नाही, म्हणून ती यादीच तयार झाली नाही.

पुढच्या काळात मुंबई, ठाणे, मुंब्रा परिसरातून जप्त झालेले ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जंजीरच्या नावावर सांगितले जातात. हे श्रेय एकट्या नाकाचे नव्हे. त्यामागे तपास होता, पोलिसांची मेहनत होती. पण शेवटच्या पावलाला, जिथे माणसाची बुद्धी थांबते आणि तरी पुढे जावे लागते, तिथे तो होता. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला. त्याला निवृत्ती मिळालीच नाही.

स्फोट झाला की तिथे फलक लागतो, दरवर्षी मेणबत्त्या लागतात, आणि ते योग्यच आहे. पण जो स्फोट झाला नाही, त्याची जागा कोणाला ठाऊक नसते. धनजी स्ट्रीटवरून त्या दिवशी सुखरूप घरी गेलेल्यांना आपण वाचलो हे कळलेही नसेल. आपला इतिहास मृतांची मोजणी करतो, ती करतानाही धर्म विचारतो. वाचलेल्यांची मोजणी करायची सोय त्याच्याकडे नाही.

आमच्या अनेक घरांत कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तरीही कुरआनातल्या गुहेतल्या लोकांच्या कथेत त्यांच्या दाराशी पंजे पसरून बसलेला कुत्रा आहे आणि त्याचा उल्लेख ममतेने येतो. जंजीर आणि सीझर या शहराच्या दाराशी असेच बसले.

सीझरला शेवटची वर्षे विरारमध्ये मिळाली ती प्राणिप्रेमींच्या आस्थेमुळे. मानवंदना सरकारी होती. म्हातारपणाची भाकर मात्र खासगी चांगुलपणाची. सेवा शहराची असेल, तर निवृत्तीनंतरचा सांभाळही शहराचीच जबाबदारी आहे. ज्याला मागता येत नाही, त्याचे देणे आपण स्वतःहून फेडायचे असते.