दुरुस्तीची वेळ कोणी ठरवायची?

कारखान्यातील मोठी क्रेन बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी कामे खोळंबतात. मग कारखाना चालू ठेवून तिची दुरुस्ती कशी करतात? याचे एक उत्तर जर्मनीतील हार्झच्या खाणींत सापडते.

तेथे माल वर ओढणाऱ्या लोखंडी साखळ्या नेहमीच्या भाराखालीही एकाएकी तुटत. खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास साखळीवर भार पुन्हा पुन्हा देऊन धातूचा हा शिणवटा अभ्यासला. साखळीची एक कडी गेली, की सारेच कोसळते. म्हणून १८३४ मध्ये क्लाउस्टाल येथे त्यांनी घडीव लोखंडाच्या तारांचा दोर वापरला: चार-चार तारांचे तीन पेड. शिणवटा तारांनाही येतोच. पण एक तुटली, तर तिचा भार उरलेल्या अकरा तारा वाटून घेतात.

आजच्या क्रेनच्या पोलादी दोरात शंभराहून अधिक तारा असतात. तपासनीस ठरावीक लांबीतल्या तुटक्या तारा मोजतो, दोराची जाडी मापतो आणि मर्यादा गाठण्याआधीच, सुटीच्या दिवशी, दोर बदलून घेतो. दोर आधी इशारा देतो, म्हणूनच दुरुस्तीची वेळ माणसाला ठरवता येते.

वर्गात एक तार पुढेमागे वाकवून पाहा. किती वेळा वाकवल्यावर ती तुटते, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.