नेम शिकवणारी बॉम्बर विमानं

जहाजावरच्या तोफच्याला उडतं विमान पाडायला शिकवायचं कसं? दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक नौदलापुढे हा प्रश्न होता. उभ्या फळीवर नेम धरून भागणार नव्हतं. म्हणून विमानामागे लांब पोलादी तार सोडायची, तिच्या टोकाला कापडी नळकांडं बांधायचं आणि त्यावर गोळीबार करायचा. पण ओढणारं विमानच संथ असेल, तर सराव काय कामाचा?

अमेरिकन नौदलाने यासाठी जे विमान घेतलं, त्याची ख्याती काही चांगली नव्हती. मार्टिन कंपनीचं बी-26 मरॉडर नोव्हेंबर 1940 मध्ये पहिल्यांदा उडालं. पंख आखूड, त्यामुळे उतरताना वेग फार ठेवावा लागे. फ्लोरिडातल्या टँपाजवळ शिकाऊ वैमानिकांचे इतके अपघात झाले, की त्याला 'विडोमेकर' म्हणजे बायकांना विधवा करणारं विमान म्हणू लागले. पुढे पंख लांब केले, प्रशिक्षण सुधारलं आणि युरोपच्या लढाईत हेच विमान भरवशाचं ठरलं.

आता गंमत बघा. याच विमानातून तोफा आणि चिलखती पत्रे काढले, तार गुंडाळायला विंच बसवला. वजन घटलं, तसं ते हाताळायलाही सोपं झालं. लष्कराने त्याला एटी-23 म्हटलं. त्यातली सव्वादोनशेच्या आसपास विमानं नौदलाकडे गेली, ती जेएम-1 या नावाने.

पण सोपं म्हणजे बिनधोक नव्हे, बरं का. खाली शिकाऊ हात, वर आपलंच विमान. नेम पुढे सरकला तर गोळी कापडाऐवजी विमानाला लागणार.

लष्करासाठी बी-26 मधून लक्ष्य ओढण्याचं हे काम स्त्री वैमानिकांनीही केलं. त्यांच्या 'वास्प' या दलात 1,074 जणी प्रशिक्षण पूर्ण करून आल्या. लक्ष्य ओढणं, विमानं पोचवणं अशा निरनिराळ्या कामांत दलातल्या 38 जणींचा जीव गेला. पण कागदोपत्री त्या नागरी नोकर! त्यामुळे लष्करी इतमामही नाही आणि घरच्यांना लष्करी भरपाईही नाही. डिसेंबर 1944 मध्ये दल बरखास्त झालं. माजी सैनिकाचा दर्जा मिळायला 1977 साल उजाडलं.

पाडलेल्या विमानांची मोजदाद युद्धाच्या इतिहासात असते. तोफच्यांचा नेम ज्यांच्यामुळे बसला, त्यांचाही हिशेब आपण त्याच पानावर मांडायला हवा.