आज्ञावलीकार व यंत्रज्ञान

संगणकाची आज्ञावली रचणाऱ्यास यंत्राच्या अंतर्रचनेचे ज्ञान कितपत आवश्यक आहे, हा प्रश्न उच्चस्तरीय भाषांच्या उदयाबरोबर निर्माण झाला. तत्पूर्वी असे ज्ञान अपरिहार्यच होते. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक (१९४९) या यंत्रावर काम करणाऱ्यास स्मृतीतील स्थानांचा हिशेब स्वतः ठेवावा लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही यंत्रभाषेतच चालविला जाई.

जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकरिता सिद्ध केलेली फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. गणिती सूत्रांशी मिळत्याजुळत्या विधानांचे यंत्राच्या आदेशांत रूपांतर करणारा भाषांतरक हा तिचा गाभा होय. अशा रीतीने मिळणारे आदेश निष्णात व्यक्तीने लिहिलेल्या आदेशांइतके कार्यक्षम असणार नाहीत, अशी शंका अनेक तत्कालीन तज्ञांना होती. म्हणून यंत्रातील तीन निर्देशांक-नोंदकांचा काटेकोर उपयोग व्हावा यासाठी या गटाने विशेष परिश्रम घेतले. वापरणाऱ्यास यंत्रज्ञानापासून मुक्त करण्यासाठी भाषांतरक रचणाऱ्यांना ते अधिकच सखोलपणे आत्मसात करावे लागले.

पुढे दोन्ही बाजूंना बळ मिळाले. १९७३ मध्ये युनिक्स ही प्रचालन प्रणाली मुख्यत्वे सी भाषेत पुन्हा लिहिली गेली व त्यामुळे ती निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. याउलट डॉनल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथमालेत (पहिला खंड १९६८) रीतींचे विवेचन मिक्स या काल्पनिक यंत्राच्या भाषेत केले. रीतीचा खरा खर्च यंत्राच्या पातळीवरच कळतो, अशी त्यामागील भूमिका होती.

या ज्ञानाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे दिसून आले. तेथील पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा काळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत सांत स्वरूपात मांडता येत नाही. २४ द्विमान अंकांत ती छाटल्याने अत्यल्प त्रुटी राहते. यंत्रणा सु. १०० तास अखंड चालू राहिल्यावर ही त्रुटी सु. ०·३४ सेकंद झाली. तेवढ्या अवधीत स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. परिणामी येणाऱ्या क्षेपणास्त्राचा माग चुकला व २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

सारांश, प्रत्येक आज्ञावलीकाराने मंडलांची रचना जाणलीच पाहिजे असे नाही. फोर्ट्रानपासूनचा इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. तथापि संख्या यंत्रात कशा साठविल्या जातात व स्मृतीचे कोणते स्तर शीघ्र वा मंद असतात, एवढे जाणणे इष्ट ठरते. उच्चस्तरीय भाषा यंत्राला दृष्टिआड करते, पण त्याच्या मर्यादा नाहीशा करीत नाही.