बंदुकीचा परवाना: कोण, कशासाठी आणि कुठे?

थ्रेड

१/ भाईंदर पूर्वेचा केबिन रोड. या भागातील दाट वस्तीतून जंगल दृष्टीस पडत नाही. तरीही येथील एखाद्या रहिवाशाने बंदुकीचा नवा परवाना मागितला, तर कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पोलिसांपुरता उरत नाही, तो वनविभागापर्यंत पोहोचतो. असे का, हे समजण्यासाठी १८५७ पर्यंत मागे जावे लागते.

२/ उठाव सुरू असतानाच, १८५७ मध्ये, कंपनी सरकारने शस्त्रे बाळगण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. १८६० च्या कायद्याने त्याला अधिक धार आली. प्रदेशच्या प्रदेश निःशस्त्र करण्याचे अधिकार सरकारला मिळाले. तोवर गावोगावी तलवार, भाला, ठासणीची बंदूक या घरातल्या वस्तू होत्या. आता त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

३/ त्यानंतर व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा भारतीय हत्यार कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि बंदूक यांना एकाच वर्षी सरकारी परवानगीच्या चौकटीत बसवण्यात आले. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ते लपवून ठेवण्याचा प्रयत्न केल्यास सात वर्षांपर्यंत, अशी शिक्षेची तरतूद होती.

४/ या कायद्याचा खरा डंख सवलतींच्या यादीत होता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन व्यक्तींना परवान्यातून सूट होती. भारतीयांपैकी संस्थानिकांसारख्या मोजक्यांनाच ती मिळे. एकाच रानात शिकारीला निघालेल्या दोघांपैकी गोऱ्या माणसाला कागद लागत नसे आणि त्याच्या भारतीय सोबत्याला लागे. कायद्याचा पहिला प्रश्न होता: तू कोण?

५/ खुद्द ब्रिटनमधील स्थिती पाहिली की हा भेद अधिक स्पष्ट होतो. १८७० च्या तेथील कायद्यानुसार दहा शिलिंग भरून बंदुकीचा परवाना मिळे. त्याचा हेतू मुख्यतः महसुलाचा होता. अग्निशस्त्रासाठी पोलीस प्रमुखाचे प्रमाणपत्र मिळवण्याची सर्वसाधारण अट ब्रिटनमध्ये १९२० साली आली. म्हणजे भारतीय प्रजेवर असे नियंत्रण लादल्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने.

६/ महाराष्ट्रात या कायद्याची शाई वाळण्यापूर्वीच, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले. पुढे १९०९ मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून गुप्तपणे धाडलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एका पिस्तुलातून. कायद्याने समाज निःशस्त्र झाला, पण चोरवाटा बंद झाल्या नाहीत.

७/ सनदशीर राजकारणातही हा सल कायम होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हत्यार कायद्यात बदलाची मागणी केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत वांशिक सवलती रद्द झाल्या, परवाना मात्र राहिला. १९३० मध्ये गांधीजींनी आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी परवाने देण्याची मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्कच मानला गेला. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीने ही मागणी करावी, हे आज विलक्षण वाटते. पण तिचा मुद्दा नागरिकावरील अविश्वासाचा होता.

८/ मग स्वातंत्र्यानंतर तो हक्क घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी सुधारणा मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारातून हवे ते शस्त्र विनाअडथळा घेता आले, तर राज्यकारभार चालणे अशक्य होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सुधारणा फेटाळली गेली. परक्या सरकारच्या परवान्याला झालेला विरोध स्वकीयांच्या परवान्याला लागू झाला नाही.

९/ १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने १८७८ चा कायदा रद्द केला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. आता प्रश्न बदलला: शस्त्र कशासाठी? संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल. हेतूंची ही वर्गवारी कायद्याच्या कलम १३ मध्येच नमूद आहे.

१०/ यातला एक हेतू मात्र हळूहळू नाहीसा झाला, तो म्हणजे शिकार. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातही सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. शिकारीची हौस कायद्याबाहेर गेली. बंदुका मात्र घराघरांत राहिल्या.

११/ शेतकऱ्याची अडचण यात वेगळी आहे. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना हाती असला, तरी तो रानडुक्कर मारण्याचा परवाना ठरत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागते. एक कागद बंदुकीचा, दुसरा प्राण्याचा. उभे पीक एका रात्रीत आडवे होते आणि दुसऱ्या कागदाची वाट पाहावी लागते. मानव आणि वन्यप्राणी यांच्या आजच्या संघर्षाची एक गाठ येथे आहे.

१२/ याच कायद्याचे कलम ३४ केबिन रोडपर्यंत पोहोचते. अभयारण्य जाहीर झाल्यावर त्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने तीन महिन्यांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आपल्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज करावा, असे हे कलम सांगते. त्याच टापूत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी त्याच अधिकाऱ्याची सहमती लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही ही तरतूद लागू होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची उत्तरेकडील हद्द भाईंदरपासून या अंतराच्या आतच आहे. कायद्याचा तिसरा प्रश्न असा आला: शस्त्र कुठे?

१३/ क्रीडेचा हेतू मात्र टिकला आणि बहरला. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारात पॉइंट २२ चीच रायफल वापरतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची कमाल मर्यादा तीनवरून दोन अग्निशस्त्रांवर आणली. २०२० मध्ये नामवंत नेमबाजांना क्रीडाप्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा देण्यात आली.

१४/ दोनची मर्यादा वारशाने आलेल्या बंदुकांनाही लागू आहे. त्यामुळे आजोबांच्या शिकारीच्या तीन बंदुका असलेल्या घराला एक जमा करणे भाग पडले. परवान्याच्या कागदाला आता राष्ट्रीय माहितीकोशातील विशिष्ट ओळख क्रमांकाचीही जोड लागते.

१५/ केबिन रोडवरच्या अर्जदाराचे कार्यालयही बदलले आहे. पूर्वी हा परिसर ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होता आणि परवान्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांचा असतो, असे शस्त्र अधिनियमच सांगतो.

१६/ १८७८ मध्ये शस्त्रधारकाचा वंश पाहिला जात असे. आज त्याचा हेतू, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याच्या घरापासून जंगलाचे अंतर पाहिले जाते. परवाना तोच राहिला, पण त्याने कोणाचे रक्षण करायचे, याचे उत्तर बदलले. एके काळी तो सत्तेचे रक्षण करीत होता. आज त्याच्या कक्षेत शेजारी राहणारा माणूस येतो आणि दहा किलोमीटरच्या आत वावरणारा बिबट्याही.

#थ्रेड #इतिहास #महाराष्ट्र #मीराभाईंदर