शिलावर्तुळे, विदर्भातील : प्रयोजनाचा वाद

नागपूरच्या आसपासच्या मुलखात मोठाल्या काळ्या धोंड्यांची कडी मांडून रचलेली, इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन स्मारके. एकट्या जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे असून टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड ही इतर ख्यातनाम स्थळे होत.

मुलकी अंमलदार जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरून १८७९ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि काही धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांचे युरोपातील तशाच खळग्यांशी असलेले साम्य विद्वानांपुढे मांडले. हे साम्य विलक्षण खरे; परंतु दगडात खळगा पाडणे ही क्रिया इतकी साधी आहे की, तेवढ्याच आधारावर दोन दूरस्थ समाजांचे नाते जोडणे धाडसाचे ठरते.

वर्तुळांचे प्रयोजन दफन की कालगणना, या वादात ती दफनस्थाने होत, हे मत उत्खननांनी दृढ केले. बी. के. थापर यांचे जुनापाणी येथील आणि शां. भा. देव यांचे टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील उत्खनन या दृष्टीने निर्णायक होय. वर्तुळाच्या पोटात, माती व गोट्यांच्या भरावाखाली, काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी कट्यारी व कुऱ्हाडी, घोड्यांच्या तोंडातील लगामाच्या कड्या आणि प्रत्यक्ष घोड्यांची हाडेही मिळाली. मृताबरोबर त्याचे वाहनही पुरण्याइतकी ज्या समाजाची परलोकावर श्रद्धा होती, त्याने हे श्रम केवळ कालगणनेसाठी केले असे मानणे युक्त नव्हे.

तथापि खळग्यांचा उलगडा दफनाने होत नाही. मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनी खळगे असलेल्या धोंड्यांच्या दिशा मोजून, त्या यदृच्छेने पडलेल्या नसून आकाशस्थ ज्योतींच्या निरीक्षणाशी निगडित असाव्यात, असे प्रतिपादन केले. हे मत आदराने तपासण्याजोगे आहे, कारण मोजमापाच्या कसोटीला ते स्वतःहून सामोरे जाते. त्याची खरी परीक्षा मात्र दोन ठिकाणी होते : खळग्यांचा धोंडा आपल्या मूळ जागीच आहे, नांगराने वा रस्त्याच्या कामाने हललेला नाही, हे प्रत्येक वर्तुळापुरते सिद्ध व्हावे लागते, आणि ज्या वर्तुळांवर एकही खळगा नाही, त्यांचीही संगती लावावी लागते. मृताची स्मृती व ऋतूंची नोंद ही दोन्ही प्रयोजने एकाच वर्तुळात नांदू शकतात, म्हणून दफन सिद्ध झाल्याने आकाशनिरीक्षणाचा पक्ष आपोआप बाद होत नाही.