चूक पंचायतीची, भुर्दंड कोणाला?

काही वर्षांमागे माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना किनवटच्या एसटी स्टँडवर एक गृहस्थ भेटले. गाव बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद. म्हणजे तेलंगणा, पण बोलणं घरचं मराठी. मी सरकारी कारकून आहे हे कळल्यावर विषय पंचायतीवर आला. त्यांच्या राज्यात २०१८ साली नवा पंचायत कायदा झाला. लावलेली ८५ टक्के रोपं जगली नाहीत, तर सरपंच आणि सचिव यांची पदं जाऊ शकतात. ते हसून म्हणाले, "साहेब, पद जाईल. पण पैसा? तो तर गावाचाच गेला ना!"

हे वाक्य गोव्यापर्यंत माझ्यासोबत आलं. कारण या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे शेकडो वर्षं होतं: गांवकारी, म्हणजेच कोमुनिदाद.

ही संस्था पोर्तुगिजांच्या आधीची. आफोंसो मेशिया याने १५२६ साली तिच्या रूढी 'फोराल'मध्ये लिहून काढल्या, एवढंच. शेतांची पावणी, बांध, मानशी, देवळाचा खर्च सगळं गांवकार ठरवत. ठराव एकमताने व्हायचा. एकानेही हरकत घेतली तर तो अडायचा. कुळकर्णी तो लिहून ठेवी. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर गांवकारांना जोण मिळे. आणि तूट आली तर? ती गांवकारांवरच वाटली जाई. पोर्तुगीज दफ्तरात त्याला 'देर्रामा' म्हणत. बांधाकडे दुर्लक्ष झालं, खारं पाणी खाजनात शिरलं, की शेत पुढची काही वर्षं पिकत नसे. त्यामुळे ठराव करताना प्रत्येकाचा हात स्वतःच्या खिशावर असे.

पण या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. त्या बैठकीत कूळ नव्हतं, मुंडकार नव्हता, बाई नव्हती. बांध फुटला तर उपासमार त्यांचीही होई. मत मात्र कोणी विचारत नसे. पुढे १९०४ आणि १९६१ च्या संहितांनी गांवकारीच्या कारभारावर सरकारी देखरेख पक्की केली. मुक्तीनंतर पंचायती आल्या आणि मत सर्वांना मिळालं. ही मोठीच गोष्ट. फक्त एक बदल सहज नजरेतून सुटला: ठराव करणाऱ्याचा खिसा आणि गावाचा खिसा वेगळे झाले.

ही अडचण इतरांनाही जाणवली होती. इंग्लंडमध्ये १८४४ पासून लेखापरीक्षक गैरखर्च थेट तो मंजूर करणाऱ्यांकडून वसूल करू शकत असे. त्याला 'सरचार्ज' म्हणत. मुंबई इलाख्यात तीच पद्धत १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याने आली. पण लंडनच्या पॉप्लर भागातल्या नगरसेवकांची गोष्ट वाचली की मन थबकतं. त्यांनी कामगारांना, बायका-पुरुष दोघांनाही, आठवड्याला किमान ४ पौंड वेतन दिलं. लेखापरीक्षकाने ५,००० पौंडांचा सरचार्ज लावला आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो उचलून धरला. समान वेतनाला आज कोण चूक म्हणेल? म्हणजे दंड कोणी भरायचा यापेक्षा चूक कोणती हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न अवघड. इंग्लंडने २००० च्या कायद्याने ही पद्धतच मोडीत काढली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मधली वाट दाखवली. अधिकाऱ्यांनी छळवाद केल्यामुळे भरपाई द्यावी लागली, तर तो पैसा करदात्याचा असतो. म्हणून जबाबदार कोण ते शोधून त्याच्याकडून वसूल करा. चूक प्रामाणिक होती की मनमानी, हा फरक इथे महत्त्वाचा.

कागदावर सगळं ठीक आहे. पण माझी नोकरी फायलींतली. एका फायलीत ठेकेदाराचं बिल वर्षानुवर्षं रखडलं आणि शेवटी मुद्दलापेक्षा व्याजच जास्त द्यावं लागलं. टिपणीत नेहमीचं वाक्य होतं: 'जबाबदारी निश्चित करावी.' ती निश्चित होईपर्यंत सह्या करणारे सगळे निवृत्त झाले. व्याज तुम्ही-आम्ही भरलं.

देर्रामा परत आणा, असं मी म्हणत नाही. पण ठरावाखाली कोणी हात वर केला, कोणी हरकत घेतली, ही नावं आणि पुढे आलेला खर्च ग्रामसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? कुळकर्णी निदान तेवढं लिहून तरी ठेवत असे.