साधी गिटार की विजेवरची?



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटापुढं एक वेगळंच कर्ज आलं. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, चक्क गिटार! एका ताईंच्या लेकीला शिकायची आहे. काहीजणी हसल्या. मुलीला विजेवरची हवी, आईचं म्हणणं, आधी साधीवर हात बसू दे, मग बघू. विजेवरची म्हणजे पुढची इयत्ता, असाच आमचाही समज होता. तो खरा की खोटा ते बघायला आम्ही या वाद्याचा इतिहास शोधला. त्यात दोन बायका भेटल्या.

पहिली एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या गरीब कृष्णवर्णीय घरातली मुलगी. साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानपणीच लोकांच्या घरी धुणीभांडी करायला लागली. पगार महिन्याला पाऊण डॉलर. दुकानातल्या गिटारीची किंमत पावणेचार डॉलर. हिशोब करा, पाच महिन्यांची पूर्ण कमाई! पैसे साठवून तिनं ती घेतली. ती डावखुरी, गिटार उजव्या हाताची. शिकवायला कुणी नाही. तिनं गिटार सरळ उलटी धरली आणि तशीच वाजवायला शिकली. पुढं तिच्या त्या उलट्या पद्धतीलाच नाव पडलं.

लग्न लवकर झालं. चर्चमधल्या लोकांनी सांगितलं, असली गाणी सोड. तिनं सोडली. (हे ऐकून आमच्या बैठकीत कुणीच हसलं नाही.) पुष्कळ वर्षांनी ती वॉशिंग्टनमध्ये एका संगीतकार कुटुंबात घरकामाला होती. तिथं भिंतीवर टांगलेली गिटार तिनं काढली आणि बोटांना सगळं आठवत गेलं. १९५८ साली पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिनं साठी ओलांडली होती.

मग विजेची गिटार कशाला निघाली? आपल्या भजनात टाळ-पखवाज रंगात आले की वीणेचा आवाज कुणाला ऐकू येतो? तसंच तिकडं झालं. साध्या गिटारीत तारेची थरथर लाकडी पोटात घुमते, तेवढाच आवाज. मोठ्या बँडमध्ये ढोल आणि पितळी वाद्यांपुढं तो बुडायचा. १९३१ च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं वापरून गिटार केली. विहिरीच्या मोटरीचं वायंडिंग आपण पाहिलेलं आहे, तसलंच बारीक वेटोळं. लोखंडी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते, ती अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर वाजतो. ती गिटार अ‍ॅल्युमिनियमची होती, गोल तोंड आणि लांब दांडा. लोकांनी तिला नाव दिलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे आपला दांड्याचा तवा!

दुसरी बाई रोझेटा थार्प, जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातला. आई मँडोलिन वाजवायची आणि प्रवचनं द्यायची. लेक लहानपणापासून आईबरोबर चर्चमध्ये गिटार वाजवायची, अर्थात साधी. पुढं मोठ्या गर्दीपुढं, बँडबरोबर गायची वेळ आली तेव्हा तिनं विजेची धरली. तेव्हा बाईच्या हातात असली गिटार म्हणजे नवलच. १९६४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, पावसाळी हवेत, कोट घालून तिनं ती वाजवली. त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. आम्ही मोबाईलवर पाहिलं, सगळ्याजणी गप्प.

म्हणजे इयत्तेचा समज चुकला. तारा दोन्हीकडं सहाच, बोटांच्या जागाही त्याच. फरक आहे तो कुठं वाजवायची याचा. उलट नवशिक्याच्या बोटांना विजेवरचीच सोपी, तिच्या तारा बारीक. साध्या गिटारीच्या लोखंडी तारा सुरुवातीला बोटं कापतात. पूर्वी काही गिटारींना आतड्याच्या तारा असत, दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जागी नायलॉन आलं. त्या मऊ असतात, पण त्यांच्यावर ते चुंबक चालत नाही.

मुलीचा मुद्दाही बिनतोड होता. घर एका खोलीचं, भाऊ दहावीला. विजेवरची गिटार वायर न जोडता वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येते. पण अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वेगळा, आणि आमच्याकडं संध्याकाळी लाइट कधी असते, कधी नसते. शेवटी नायलॉनच्या तारांची साधी घ्यायचं ठरलं. भावाचा अभ्यास होईपर्यंत ती ओट्यावर वाजवणार आहे. पुढं विजेवरची हवी असेल तर नवं कर्ज, नवा अर्ज, हे तिला आधीच सांगितलं.

दोघींनी ठरावावर सही केली नाही. तेही इतिवृत्तात लिहिलं आहे. पहिला हप्ता पोळ्यानंतर.